दस्तीखालचा सौदा

ताडकळसच्या बैलबाजारात मी बावीस वर्षं दलाली केली. आधी दुसऱ्यांच्या बैलांची दावी धरून उभा राहायचो, मग सौदे माझ्या हातून व्हायला लागले. पण गावातल्या शहाण्यांनी मला कधी बैठकीला बोलावलं नाही. बोलावलं ते एकदाच, आणि तेही माझ्या पोराचं नाव यादीत सगळ्यात वर घालून.

भर चौकात तलवारीनं वाढदिवसाचा केक कापायचा आणि त्याचं स्टेटस ठेवायचं, हे गावातल्या पोरांच्या अंगवळणी पडलं होतं. दोन टोळकी झाली. एकात माझा मुलगा पुढं, वय वीस. एका वाढदिवसाला माझ्या पोराच्या टोळक्यातल्या कुणीतरी हवेत गोळी झाडली. दुसऱ्या टोळक्याच्या म्होरक्यानं स्टेटस ठेवलं, ‘आमची हवेत जाणार न्हाई.’

मग मुख्याध्यापक, बचत गटाच्या बाया आणि एक निवृत्त फौजदार यांनी समिती केली आणि हत्यारं बाळगणाऱ्या पोरांची यादी काढली. ठाण्याशी बोलून ग्रामपंचायतीत लोखंडी पेटी ठेवली. ज्याच्याकडं जे असेल ते त्यानं आणून टाकावं, नाव विचारणार नाही. आठ दिवसांत पेटीत एक बोथट सुरी पडली.

बैठकीत मी आधी यादीवरूनच भांडलो.

“सर, मपल्याच पोराचं नाव वर काहून? सरपंचाचा पुतण्या काय भजन करायलाय?”

“मालक, नावं राहू द्या. पेटीत कुणी काही टाकंना, त्याचं बोला.”

“कसं टाकतील? डोक्यावर कॅमेरा लावलाय तुमी!”

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पेटी चोरीला जाऊ नये म्हणून ती खरंच कॅमेऱ्याखाली ठेवली होती.

पोरं पोलिसांना घाबरत नव्हती. आपण आधी दिलं हे समोरच्याला कळेल, याला घाबरत होती. मी म्हणालो, बैलाचा भावसुद्धा आमी उघड्यावर बोलत नाही. दस्तीखाली, म्हणजे रुमालाखाली, हात धरून बोटांनी सांगतो. शेजारच्यालाही आकडा कळत नाही, कुणाची मान खाली जात नाही. तसं करा.

बाजार नव्हता त्या दिवशी दुपारी माझ्या पोराला आणि त्या म्होरक्याला लिंबाखाली बसवलं. जितकी हत्यारं तितकी बोटं; दोन्हीकडून सारखी, आणि द्यायची एकदम, एवढाच सौदा.

म्होरक्या हसला. “काका, फोनपेच्या जमान्यात हे काय काढलं?”

“हात दे गुमान.”

त्यानं माझ्या मुठीत दोन बोटं दिली.

मग माझा मुलगा. त्याच्याकडं एक गावठी कट्टा आहे हे मला माहीत होतं. बैठकीत एवढा भांडलो, पण ते बोललो नव्हतो. एकावर सौदा अडणार, म्हणून मनात जोडतोड चालली होती. त्यानं दस्तीखाली हात घातला आणि दोन बोटं दिली.

डोक्यात जाळ झाला. एरवी तिथंच कानशिलात दिली असती. पण दस्तीखाली हात असताना चेहरा हलू द्यायचा नसतो, ही बावीस वर्षांची सवय. मी त्याची बोटं धरूनच बसलो. तिसरं येतंय का, वाट बघत.

“सोडा आता, अण्णा,” तो हळूच म्हणाला.

“जुळलं का?” बाजूला उभ्या सरांनी विचारलं.

“जुळलं.”

तासाभरात दोघांनी आपापली गोणी आणली आणि एकाच घोंगडीखाली सरकवली. फौजदार ती ठाण्यात घेऊन गेले. घरी मी पोराला विचारलं, “दुसरा कुणासाठी ठेवला होता?”

“दिला ना आता,” तो म्हणाला.

समितीचा फोटो पेपरात आला, त्यात मी नाही. राग आहेच. पण तेव्हापासून चैन पडत नाही ते त्या उत्तरानं. त्याची गाडी फाट्याकडं वळली की मी गोठ्यात जातो, पत्र्यामागं हात घालतो, तिसरा कुठं निघतो का म्हणून कडब्याच्या पेंढ्या हलवून बघतो. परवा तो अर्ध्या वाटेतून परत आला आणि दारात उभा राहिला.

“काय हुडकायलात, अण्णा?”

मी पेंढी उचलून बाजूला टाकली. त्यानं गाडीची चावी खिशात घातली, बाह्या सारल्या आणि गंजीच्या दुसऱ्या बाजूनं एकेक पेंढी काढायला लागला.