टँकरनं धडक दिली नव्हती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — मलाच नीट कळत नाही. पण भीती उराशी धरून धरून माणूस थकतो हो.

मी अहमदपूरला जनावरांचा डॉक्टर. दुष्काळात चारा छावण्यांवर फिरायला म्हणून नवी कोरी कार घेतली, आणि थोड्याच दिवसांत ती चालता चालता बंद पडायला लागली. इंजिन गप्प, स्टेअरिंग दगडासारखं जड. लातूरच्या शोरूमला किती खेपा घातल्या! त्यांच्यासमोर कार शहाण्यासारखी चालायची. कधी म्हणे पेट्रोलात भेसळ, कधी छावणीची धूळ, आणि शेवटी — "डॉक्टरसाहेब, दोष गाडीत नाही, तुमच्या चालवण्यात आहे. हे वॉरंटीत बसत नाही." मी चिडायचो, भांडायचो, आणि तीच कार घेऊन परत निघायचो. धोका कळत नव्हता का? कळत होता.

त्या दिवशी थोरल्या बहिणीला, आक्काला, लातूरच्या दवाखान्यातून घरी आणत होतो. पाय मोडलेला, मांडीपर्यंत प्लास्टर. मागच्या सीटवर आडवी झोपवलेली. नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठी मोठ्या रस्त्यावर रास्ता रोको होता, म्हणून आतल्या रस्त्यानं वळलो. तिथं रेल्वेचं क्रॉसिंग लागतं — तेव्हा ना फाटक, ना माणूस. कार रुळांवर चढली आणि बंद पडली.

चावी फिरवली. परत फिरवली. मग रेल्वेची शिट्टी ऐकू आली.

किती लांब होती? मी बघितलंच नाही. दार उघडलं आणि — पळालो. आक्काला हाक नाही, हात नाही. भेगाळलेल्या रानातून नुसता पळत सुटलो. मागून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, पळू नका! गाडीत अक्का हायत!" स्पष्ट ऐकलं मी. थांबलो नाही. एका बाभळीमागं जाऊन बसलो, डोळे मिटून, कान दाबून.

ओरडणारा होता माझ्या मागून आलेल्या पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, देगलूरकडचा; तिकडं कुठल्याही बाईला अक्काच म्हणतात. त्यानं टँकर माझ्या कारला मागून टेकवला, स्वतःही रुळांवर चढला आणि ढकलत ढकलत तिला पलीकडं नेलं. मग रेल्वे धडधडत गेली.

मी परत आलो तेव्हा आक्का हात जोडून 'बुद्धं सरणं गच्छामि' पुटपुटत होती. कारची डिकी चेपली होती, मागची काच फुटली होती. माणसं जमली. काय झालं, कुणीतरी विचारलं. कार बंद पडली म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेला — मग तुम्ही कुठं होता? तोंडातून निघालं, "टँकरनं मागून धडक देऊन रुळांवर ढकललं. मी रेल्वे थांबवायला पळालो."

पोलिसांनाही तेच सांगितलं. तो टँकरवाला बिचारा कळवळून म्हणत होता, "साहेब पळून गेले हो, म्या ढकलली गाडी!" पण डॉक्टरपुढं ड्रायव्हरचं कोण ऐकतं? आक्काला विचारलं. ती म्हणाली, "मी डोळे मिटले होते." माझ्याकडं बघितलं नाही तिनं.

टँकरच्या मालकानं त्याला कामावरून काढलं. शोरूमनं चेपलेल्या डिकीकडं बोट दाखवून वॉरंटीच बंद केली — आणि मी, एवढा भांडणारा माणूस, गप्प बसलो. भांडलो असतो तर कार मुळात का थांबली, हे बोलावं लागलं असतं.

पुढं कितीतरी दिवस छावणीत टँकर शिरला की आधी ड्रायव्हरचं तोंड बघायचो. आक्काचा पाय बरा झाला, पण माझ्या कारमध्ये ती पुन्हा बसली नाही, एसटीनं यायची. तिच्याजवळ एकटं बसायची वेळ मी टाळायचो. विचारलं तर? तिनं कधीच विचारलं नाही. ती वारली तेव्हा रडण्याआधी मला काय वाटलं, सांगू? सुटलो, असं वाटलं.

नंतर एकदा कामानं धर्माबादला गेलो होतो. मिरचीच्या बाजारात तो टँकरवाला हमाली करताना दिसला. पाठीवरचं पोतं उतरवून जवळ आला.

"अण्णा, अक्का कशा हायत? पाय बसला का नीट?"

आवाजात राग नव्हता.

"कोण तुम्ही? मी ओळखलं नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि पोत्याकडं वळला.

मी ओळखलं होतं.