सुकेळी आणि दुसरं ध्यान

वासराच्या जिभेला मी दुसरं ध्यान समजलो, एवढीच माझी चूक. बाकीचं सगळं त्या वासराने केलं.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. सोपाऱ्याच्या स्तूपापाशी एक वयस्क भिक्खू आले होते, त्यांना ऐकायला मी सायकल मारत गेलो. ते म्हणाले, पहिल्या ध्यानात विचार चालू असतो, पण आनंदही असतो. दुसऱ्यात विचार थांबतो आणि आनंद लहरीसारखा अंगावर येतो. पुढे तोही निवतो, आणि चौथ्यात सुख काय, दुःख काय, सारखंच. आवाज आला तर येऊ द्यावा, त्याच्यामागे जाऊ नये. मला हे फार सोपं वाटलं. घरात बायको बोलत असताना मी इतकी वर्षं तेच करत होतो.

त्या आठवड्यात अंगणात सुकेळी घातली होती. वाडीतली राजेळी केळी सोलून बुटक्या माच्यावर उन्हात मांडलेली. थोरल्या लेकीला दिवस गेले होते आणि अन्न म्हणून जात नव्हतं. आईच्या हातची सुकेळी तेवढी खाईन, असा तिचा निरोप आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा दीर सुकेळी न्यायला येणार होता. बायको सुकेळी बांधायला केळीची वाळकी पानं आणायला गेली, मला राखणीला बसवून. बसायचंच आहे तर ध्यानाला बसू, म्हणून मी डोळे मिटले.

पहिलं ध्यान चटकन लागलं. मग मचमच असा आवाज आला. येऊ दिला. कुंपणापलीकडून शेजारची ख्रिस्ती बाय ओरडली, "अहो भाऊ, वासरू!" त्याच्याही मागे गेलो नाही. आणि मग हातावर एक ऊबदार, ओलसर लहर आली. मी मनातल्या मनात भिक्खूंना नमस्कार केला.

डोळे उघडले तेव्हा वासरू माझा हात चाटत होतं आणि बायको समोर उभी होती. अर्धी सुकेळी संपली होती.  बायको उरलेली गोळा करून पानांत बांधायला बसली. शेजारणीने आपल्या घरची ओंजळभर आणून त्यात घातली. मी चौथ्या ध्यानात असल्यासारखा चेहरा करून बसून राहिलो.

सकाळी दीर आला. बायकोने पुडकं त्याच्या हातात दिलं आणि ती म्हणाली, "तुमच्या वहिनीला सांगा, पुढच्या घडाची भरपूर पाठवते. त्या खेपेला राखणीला वासरालाच बसवणार आहे. निदान त्याचे डोळे उघडे होते."