पहिला पक्का जिना

माझी आत्या सुतार आहे. पण वयाच्या एकावन्नाव्या वर्षापर्यंत तिनं जमिनीत एकही खांब रोवला नव्हता.

तिची गल्ली दोन देशांच्या वादात अडकलेली होती. दोघेही ती आपलीच म्हणत, आणि दिवे लावायला मात्र कोणी येत नसे. निकाल लागेपर्यंत तिथं पक्कं काही बांधायचं नाही, एवढ्यापुरतं दोन्हीकडच्या कचेऱ्यांचं एकमत होतं. शेजारच्या शिंप्यानं एकदा दारापुढं सिमेंटच्या तीन पायऱ्या केल्या, तर दोन्ही देशांची माणसं मिळून आली आणि मिळून त्या फोडून गेली. चाळीस वर्षांत दोघांनी एकत्र केलेलं तेवढं एकच काम, असं आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, सांगत.

म्हणून आत्याचं सगळं काम सुटं. चौघांनी उचलून नेता येतील अशी छपरं, खुंट्या काढल्या की मोकळे होणारे दरवाजे. तिच्या घरालाही जिना नव्हता. राहायची खोली वर, आणि वर जायला टेकवलेली शिडी.

तीस वर्षं बस चालवून काकांचे गुडघे गेले. कठड्याचा, बुटक्या पायऱ्यांचा जिना करा, नाहीतर खाली उतरू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. तसा जिना जमिनीत रोवल्याशिवाय उभा राहत नाही, आणि रोवायला तर बंदी. आठ महिने काका खाली आले नाहीत. मित्र खिडकीखाली उभे राहून गप्पा मारत, आणि पेपर दोरीच्या टोपलीतून वर जाई. आत्या गल्लीसमोरच्या आपल्या कारखान्यात रंधा मारता मारता त्या खिडकीकडे बघे.

त्याच सुमारास आपल्या देशानं आसपासच्या देशांच्या संघात जायचा अर्ज केला. शेजारी देश आधीपासूनच आत होता, आणि आतल्या एकानं जरी नाही म्हटलं तरी दार बंद. शेजाऱ्यांनी कळवलं, आधी गल्लीचं मिटवा. संघानंही सांगितलं, भांडण घेऊन घरात येऊ नका. बाबा म्हणाले, "अडला हरी. या वेळी हरी आपण." चाळीस वर्षं भिजत पडलेलं घोंगडं दीड वर्षात पिळून वाळत घातलं गेलं.

दोन्हीकडच्या मोजणीदारांनी मिळून मोजणी केली. रेघ गल्लीच्या मधोमध आली. आत्याचं घर त्यांच्याकडे, कारखाना आपल्याकडे. गल्लीमागच्या टेकडीवरची झाडीही त्यांना गेली, आणि आपल्या लोकांनी जास्त सोडलं म्हणून शिंपी महिनाभर फुरंगटून बसला. त्याचं अगदीच चूक नव्हतं.

शाळेत सभा झाली. गल्लीत नाका बसला तर प्रत्येक फळी तपासून न्यावी लागणार, म्हणून आत्या उठली.

"नाका कुठं बसवणार?"

आपला अधिकारी म्हणाला, संघात गेल्यावर नाका उरत नाही, आणि तोवर गल्लीकरांना पास मिळतील. "रेघ नकाशावर राहील. तुम्ही खुशाल ये-जा करा."

"आणि माझा जिना?"

पलीकडच्या अधिकारीणबाईंनी कागद उलटले. "घर आता आमच्याकडे आलंय. अर्ज द्या."

'हा अर्ज इथं चालत नाही' याखेरीज दुसरं काही त्या गल्लीनं कधी ऐकलंच नव्हतं.

घरी बाबा म्हणाले, "म्हणजे आता तू परकी झालीस."

"परकी तर लग्नातच केलं होतंत की, दादा," आत्या म्हणाली. "आता नुसता कागद आला."

तीन आठवड्यांत परवानगी आली. आत्यानं सागाचा जिना केला, आणि हाताच्या सवयीनं सगळा खुंट्यांवर केला. काका खिडकीतून बघत होते. "हा जिना आहे की माहेरी न्यायची पेटी?"

आत्यानं जिन्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसून हसत सुटली. मग एकेक खुंटी ठोकून बाहेर काढली आणि सांधे कायमचे पक्के केले. जिन्याच्या खांबांना खड्डा किती खोल घ्यायचा तेही तिला ठाऊक नव्हतं. ते तिनं पलीकडच्या गवंड्याला विचारलं, आणि विचारताना नव्या नवरीसारखी लाजली. काँक्रीट वाळेपर्यंत दिवसातून दहादा बोट दाबून बघायची.

रविवारी सकाळी काका उतरले. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबून. खाली आल्यावर सरळ गल्ली ओलांडून कारखान्यात गेले, आत्याच्या स्टुलावर बसले आणि चारी बाजूंना नजर फिरवली.

"तुझ्या देशात भुसा फार आहे गं."

आत्यानं त्यांच्या हातात झाडू दिला.