टोपल्याखालचा माग

आमचे मालक गावचे पोलीस पाटील होते. निजामाच्या राजवटीत गावाला दोन पाटील असत, एक शेतसाऱ्याचा आणि एक चोऱ्या-मारामाऱ्यांचा. हा दुसरा मान पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात होता. अंबडहून अमीन, म्हणजे पोलिसांचा अंमलदार, दौऱ्यावर आला की आमच्या ओसरीवर बसायचा आणि मालक त्याच्यापुढे हात बांधून उभे राहायचे. तो गेला की तेच हात मिशांवर जायचे. माणूस वाईट नव्हता. गरिबाला विनाकारण चावडीवर बसवून ठेवणं त्यांना जमत नसे, आणि त्या काळी ते न जमणारे पाटील थोडेच होते.

ओढ्यापलीकडे धनगरांची पाच-सहा घरं होती. तिथली एक बाई आठवड्यातून एकदा आमच्याकडे तूप घेऊन यायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, भावाजवळ राहायची. मला ती आवडायची, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी तिला पहिल्यापासून पाण्यात पाहत होते. तिच्या तुपात भेसळ नसायची आणि बोलण्यात लाडीगोडी नसायची. "बाई, भाकर हाय का? सकाळधरून काई खाल्लं न्हाई," असं सरळ मागायची. सासूबाई देवळात गेलेल्या असल्या की आम्ही दोघी चुलीपुढे बसून जेवायचो, आणि ती मेंढरांच्या नकला करून मला ठसका लागेपर्यंत हसवायची.

मग माझ्या लक्षात आलं की तुपाच्या दिवशी मालकांना बाहेर काही काम निघत नाही. एरवी ज्यांचा पाय घरात ठरत नसे, ते त्या दिवशी ओसरीवर अंबाडीची सुतळी वळत बसायचे. वर्षभरात सुतळीचा ढीग झाला. एकदा मी म्हटलं, "सगळ्या गावाला बांधायचं हाय का येवढ्या सुतळीनं?" ते हसले नाहीत, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पुढे ती तूप आणायची बंद झाली, आणि मालकांचं सुतळी वळणंही बंद झालं. आता ते 'शिवेवर जाऊन येतो' म्हणायचे. विहिरीवर बायका माझ्याकडे बघून एकदम गप्प व्हायच्या. एकदा मी पाठ वळवल्यावर कुणीतरी म्हणालं, "कुंपणच शेत खायलंय." मी घागर भरली आणि घरी आले. नवऱ्याला विचारायची हिंमत मला झाली नाही. विचारलं असतं आणि त्यांनी 'हो' म्हटलं असतं, तर पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

आमच्या गावात एक रीत होती. शिवारात चोरी झाली की आधी माग झाकायचा. मातीत जिथे पाऊल उमटलं असेल तिथे त्यावर टोपलं पालथं घालायचं, म्हणजे अमीन येऊन बघेपर्यंत ते वाऱ्याने किंवा कोंबड्या-कुत्र्यांनी मोडू नये. टोपली पाटलाच्या घरची, आणि ती पालथी घालायची पाटलिणीने. शेतमालकाने घातली तर लोक म्हणणार, वैऱ्याचा माग ठेवला. गावाची राखण करणाऱ्या जागल्याने घातली तर म्हणणार, सोयऱ्याचा मोडला. पाटलिणीच्या हाताला वैरी नाही आणि सोयरा नाही, असा गावाचा भरवसा. सासूबाईंनी हे काम माझ्याकडे देताना एवढंच बजावलं होतं, "टोपलं वरून सोडायचं. सरकवायचं न्हाई."

तो अंबडच्या बाजाराचा दिवस होता. ज्वारीची खळी चालू होती. मालक सकाळीच 'बाजाराला जातो' म्हणून निघून गेले होते. दुपार कलली आणि जागल्या धापा टाकत दारात आला. पावलांवरून माणूस ओळखण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

"पाटील कुठं हायेत?"

"अंबडला गेलेत."

"मंग तुमीच चला, जल्दी. खळ्यावरची बैलजोडी नेली. राखणीच्या म्हाताऱ्याचं डोस्कं फोडलंय."

मी चार टोपली घेतली, पदर डोक्यावर घेतला आणि त्याच्यामागे गेले. म्हातारा लिंबाखाली पडला होता. दोघी बायका त्याच्या तोंडात पाणी घालत होत्या आणि ते गालावरून खाली ओघळत होतं. खळ्यावर माणसांची इतकी ये-जा झाली होती की तिथे माग उरला नव्हता. बैलांची पावलं मात्र नदीकडे गेलेली दिसत होती. "मी बैलांमागं जातो, वाटंवरचं तुमी झाका," असं सांगून जागल्या तिकडे पळाला.

खळ्याला लागून पायवाट होती. तिथल्या फुफाट्यात दोन माणसांची पावलं शेजारी शेजारी उमटली होती. एक अनवाणी. त्याचा अंगठा आत वळलेला होता. लहानपणी बैलाचा पाय पडून वाकलेला तो अंगठा सगळ्या गावाला माहीत होता. तो त्या बाईच्या भावाचा. त्याच्या शेजारी वहाणेचा माग होता आणि डाव्या टाचेच्या नालेचा एक खिळा पडलेला होता. त्या वहाणेला दर शनिवारी तेल मीच लावत असे, आणि खिळा ठोकून घ्या म्हणून तीनदा मीच सांगितलं होतं. दोन्ही पावलं अंबडकडे जात नव्हती. ओढ्याकडे जात होती.

बैल, चोर, तो म्हातारा, सगळं डोक्यातून गेलं. एकच दिसत होतं. उद्या अमीन सगळ्या गावादेखत हे टोपलं उचलणार आणि माझा नवरा कुठल्या वाटेने कुणाकडे जातो ते पोरासोरांनासुद्धा वाचता येणार. मी टोपलं वहाणेच्या मागावर पालथं घातलं आणि सरकवलं. असं पाच-सहा ठिकाणी केलं. नंतर अनवाणी पावलांवर एकेक टोपलं नीट, वरून सोडलं. नुसत्या भावाचा माग उरला तर बालंट त्या घरावर जाईल, हे मला तेव्हा कळत होतं का? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलं आहे आणि दर वेळी वेगळं उत्तर दिलं आहे.

नदीच्या खडकाळ पात्रात बैलांचा माग हरवला. जागल्या परत आला. त्याने टोपल्यांशेजारची सारवल्यासारखी माती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. पाटलाच्याच घरची ही मर्जी आहे, असं तो समजला.

मालक दिवस मावळताना घरी आले. डोळे लाल होते. खळ्यावरची हकिगत सांगितली तसे ते पाय न धुता तिकडे गेले आणि आल्यावर भाकरीला शिवले नाहीत.

सकाळी अमीन घोड्यावरून आला. आम्ही बायका लिंबाखाली उभ्या होतो. एकेक टोपलं उचललं गेलं. "एकीच आदमी के पाँव हैं, पटेल साब," अमीन म्हणाला. जागल्याला विचारलं. त्याने वाकडा अंगठा कुणाचा ते सांगितलं, आणि शेजारच्या मातीबद्दल अवाक्षर काढलं नाही. कारकुनाने उर्दूत पंचनामा लिहिला. मालक कितीतरी वेळ त्या पावलांशेजारच्या मातीकडे बघत होते. आता आपल्याला बोलावंच लागेल, या तयारीने ते आले असावेत. माग नाही म्हटल्यावर गप्प राहायला जागा मिळाली, आणि त्यांनी ती घेतली. पंचनाम्याखाली सही केली. एवढी चूक त्यांची होती, ती मी त्यांच्याच नावावर ठेवते. बाकीची माझी.

दुपारी त्या भावाला दोरखंड बांधून नेलं. तो काय सांगत होता ते कुणी ऐकून घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारा शुद्धीवर न येताच गेला, आणि चोरीचं प्रकरण खुनाचं झालं. आठव्या दिवशी मालकांनी डोक्याला धुतलेला रुमाल बांधला आणि अंबडला जाऊन अमिनाला सगळं सांगितलं. त्यांनी काय सांगितलं ते मला सोबत गेलेल्या जागल्याकडून कळलं.

चोरीच्या दिवशी भाऊ स्वतः त्यांना बोलवायला आला होता. तिच्या जातीची पंचायत बसणार होती आणि तिला वाळीत टाकणार होती. भाऊ म्हणाला होता, "पाटील, आज तिच्यासमोर सोक्षमोक्ष करा. पुन्यांदा आमच्या दारात येऊ नका." दोघं मिळून खळ्यावरून गेले, तेव्हा म्हातारा धडधाकट बसलेला होता. त्याने भावाकडून तंबाखूची चिमूट मागून घेतली. मग दिवस मावळेपर्यंत तिघं तिच्या अंगणात होते. मालकांनी तिचा निरोप घेतला होता. पुन्हा येणार नाही म्हणून शपथ घेऊन ते घरी परतले होते.

मी जी वाट पुसली ती शेवटची होती. हे ऐकल्यावर मी गोठ्यात जाऊन बसले आणि गुरांना वैरण टाकायचीही मला शुद्ध राहिली नाही.

अमिनाने पंचनामा काढून त्यांच्यापुढे धरला. "ये दस्तखत किसके हैं, पटेल साब? तुमारे पाँव किधर गए? उड़ के गए क्या?" कचेरीतले शिपाईसुद्धा हसले म्हणे. बाईच्या नादाने पाटील तिच्या भावासाठी खोटं बोलतो आहे, अशी बोलवा अंबडच्या बाजारात दोन दिवसांत उठली.

खटला औरंगाबादला गेला. साक्षीला निघायच्या आदल्या सकाळी मालक स्वयंपाकघरात आले. तिथे ते कधी येत नसत. चुलीपासून लांब, भिंतीला टेकून बसले.

"येक इचारतो. टोपली तूच झाकली व्हती. माझ्या वहाणेचा माग व्हता का थितं?"

माझा हात पिठात होता. एका 'हो'ने तिचा भाऊ सुटला असता. पण मग मला कोर्टात उभं राहून सांगावं लागलं असतं की माग मी मोडला. कशासाठी मोडला, तेही सांगावं लागलं असतं.

"न्हाई," मी म्हणाले. "मला तर काई दिसला न्हाई."

"मंग वाऱ्यानं गेला आसन," ते म्हणाले आणि उठले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पंधरा वर्षं चोरांचे चेहरे बघून खरंखोटं करणारा माणूस, पण माझ्या तोंडाकडे बघायची त्यांना लाज वाटत होती. बघितलं असतं तर कळलं असतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण सहज म्हणतो. त्या भावाला फाशी झाली नाही, लांब मुदतीची शिक्षा झाली. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत तो तुरुंगात तापाने गेला. बैल आणि त्यांचे चोर कधीच सापडले नाहीत. आमची पाटीलकी काढून चुलतदिराला दिली. ती बाई वस्ती सोडून जाण्याआधी एकदा आमच्या अंगणात आली. बसली नाही.

"बाई, तुमचा माह्यावर राग हाय, ते बराबर हाय," ती म्हणाली. "पर माह्या भावानं कोणाचं काय केल्तं?"

"मला काय इचारती? पाटलाला इचार," मी म्हणाले आणि कडी लावली. ती बराच वेळ तिथेच होती. दाराच्या फटीतून मला तिचे पाय दिसत होते. पुढे कुणी म्हणे हसनाबादेकडे दिसली, कुणी म्हणे आणखी कुठे. मला खरं काही कळलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही.

त्यानंतर मालक नऊ वर्षं जगले. शेतात जायचे, घरी यायचे. वाटेत माणूस दिसला की आधी स्वतः बाजूला व्हायचे. माझ्याशी इतकं मऊ बोलायचे की माझ्या अंगावर काटा यायचा. निजामाची राजवट गेली त्या पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी ते आजारी पडले. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. त्यांनी मला जवळ बसायला सांगितलं आणि पडल्या पडल्या हात जोडले.

"मी तुहा गुन्हेगार हाय," ते म्हणाले. "तुह्या जिवाला लई घोर लावला. आन् तू येका शब्दानं बोलली न्हाई. मला माफ कर."

सांगायचं होतं. शपथेवर लिहिते, शब्द ओठांपर्यंत आले होते. ऐकणारा तो एकच माणूस उरला होता, आणि तोही चालला होता. पण ते हात जोडून माझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वर नजर करून बघत होते, आणि त्या नजरेत मी फार चांगली बाई होते.

"केलं माफ," मी म्हणाले.