एकाच पडद्यावर दोन मजले

“मास्तर, दोघांनी एकदम बटणं दाबली की तुमचं मशीन बोंबलायलंय,” मुळे मॅनेजर म्हणाले.

खरंच बोंबलत होतं. कॉम्प्युटर टूं टूं करत होता आणि पडद्यावरची दोन्ही माणसं जागच्या जागी अडकली होती. मी त्यांना समजावलं. कीबोर्ड एका माणसासाठी बनवलेला असतो. दोघांनी मिळून तीन-चार बटणं दाबून धरली की त्याचा गोंधळ उडतो. म्हणून दोघांचा खेळ बनवताना पहिलं काम बटणांच्या वाटणीचं. एकाला डावीकडची, दुसऱ्याला उजवीकडची. आणि बटण दाबून धरायची वेळ शक्यतो येऊ द्यायची नाही.

“मग करा वाटणी. पण फॅक्टरी इन्स्पेक्टर यायच्या आत झालं पाहिजे.”

इन्स्पेक्टर येणार आहे हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सेलूत माझा कॉम्प्युटर क्लास होता. नव्वदनंतरची ती वर्षं. मशीन कमी आणि मुलं जास्त, त्यामुळे एका पीसीपुढे दोन खुर्च्या ठेवाव्या लागत. मुलांची भीती जावी म्हणून मी दोघांनी मिळून खेळायचे छोटे खेळ लिहू लागलो. एकमेकांविरुद्ध नाही, दोघं एकाच बाजूनं. एकानं ओढ्यावर फळी धरायची, दुसऱ्यानं पार व्हायचं. फळी हलली की दोघांचाही डाव संपला. डॉस चालणाऱ्या कुठल्याही मशीनवर हा ओढ्याचा खेळ चालायचा. परभणीच्या एका क्लासनंही फ्लॉपीवर उतरवून नेला होता.

मुळे आपल्या मुलीचं नाव घालायला आले होते. दोन मुली ओढा पार करत होत्या. ते बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, “आमच्या प्रेसचं असं होईल का? कामगारांना ट्रेनिंग द्यायचंय.”

देवगाव फाट्याच्या रस्त्यावर ते मॅनेजर असलेली कापसाची जिनिंग-प्रेसिंग होती. नाव सांगत नाही. मी प्रेस बघायला गेलो. दोन मजल्यांचं काम. वरच्या मजल्यावर विहिरीसारखी खोल लोखंडी पेटी. तिच्यात सरकी काढलेली रुई टाकायची आणि एका माणसानं आत उतरून ती पायांनी तुडवायची. तो बाहेर आला, झाकण लागलं, की खालच्या माणसानं व्हॉल्व्ह फिरवायचा. मग खालून दाब येतो आणि रुईची गाठ बनते. मध्ये जाड स्लॅब. वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा दिसत नाही.

महिन्यापूर्वी गौतम नावाचा तरुण पेटीत असतानाच दाब सुरू झाला होता. तो जागीच गेला. व्हॉल्व्हवर महालिंगअप्पा होते. अर्धं आयुष्य त्याच प्रेसवर गेलेले, कपाळावर भस्म, बोलणं कमी. त्यांचं म्हणणं, वरून ‘चालू’ अशी हाक आली. वरचे म्हणत होते, आम्ही हाक दिलीच नाही.

भिंतीवर नवीकोरी विजेची घंटी होती. मी विचारलं, “ही तेव्हा होती का?”

“आता आहे ना,” मुळे म्हणाले. “आताचंच दाखवा.”

मी खेळ लिहिला. पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात पेटी आणि तुडवणारा माणूस, खालच्या अर्ध्यात व्हॉल्व्ह. वरचा खेळाडू उतरतो, तुडवतो, बाहेर येतो, घंटी देतो. खालचा व्हॉल्व्ह फिरवतो. बटणांची वाटणी केल्यावर टूं टूं बंद झालं.

मुळ्यांनी महालिंगअप्पांना क्लासवर आणलं. त्यांना खालचा खेळाडू केलं, मी वरचा झालो. डावांमागून डाव झाले, एकदाही अपघात झाला नाही. मी मुद्दाम घंटी लवकर दिली, तरी अप्पांनी व्हॉल्व्हला हात लावला नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांची नजर खालच्या चित्रावर नव्हतीच. ते वरच्या माणसाकडे बघत होते. तो बाहेर आला की मगच बटण दाबत होते.

“लय सोपं हाय इथं,” ते म्हणाले आणि हात मांडीवर ठेवले.

ओढ्याच्या खेळात दोघांना एकच पडदा दिसतो, तीच त्याची मजा. तीच गोष्ट इथं आणली की प्रेस खोटी होत होती. मी मुळ्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, मधे आडोसा लावू, दोघांना आपापला मजलाच दिसू दे.

“कशाला? चांगलं चाललंय की.”

“साहेब, खऱ्या प्रेसवर अप्पांना वरचं दिसत नाही.”

“ट्रेनिंग हाय मास्तर. ट्रेनिंगमधी माणूस मारायचा असतो का?”

चौकशीच्या दिवशी पीसी जीपमधून जिनिंगच्या ऑफिसात नेला. चालवायला मी. इन्स्पेक्टर साहेब टेबलामागे. कोपऱ्यात बाकावर गौतमची आई बसली होती. तिला जबाबासाठी बोलावलं होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा वातावरण तापलेलं होतं. गौतम बौद्ध वस्तीतला. जिनिंगवर मोर्चा येईल अशी मालकांना धास्ती होती. चूक एकट्या अप्पांची ठरली की विषय तिथंच मिटणार होता.

अप्पा खाली, मुळे स्वतः वर. पुन्हा एकदाही अपघात नाही.

“बघा साहेब,” मुळे म्हणाले. “लक्ष ठेवलं की होत न्हाई. त्या दिवशी लक्ष नव्हतं, एवढंच.”

साहेब मान डोलवून लिहायला लागले. अप्पा खाली बघत होते.

मी म्हणालो, “साहेब, एक मिनिट. मी हा खेळ बनवलाय. अजून एक डाव बघा.”

मुळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचं मला तिथंच कळलं. पण साहेब म्हणाले, दाखवा.

मी एक पुठ्ठा घेतला आणि पडद्याच्या मधोमध आडवा धरला. मुळ्यांना खाली बसवलं, त्यांना वरचा भाग दिसेना. अप्पांना उभं केलं, त्यांना फक्त वरचं दिसत होतं. घंटीचं बटण बंद केलं. बाहेर सरकी काढणारं जिन चालू होतं, त्याचा आवाज होताच. म्हटलं, आता तोंडानं हाक द्या.

पहिला डाव नीट झाला. दुसऱ्या डावात अप्पांचा माणूस पेटीत उतरला. तेवढ्यात बाहेर कुणीतरी गाडीवाल्याला ओरडलं. मुळ्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर खालून पट्टी वर आली. छोटा माणूस चपटा झाला आणि नाहीसा झाला. कॉम्प्युटरनं एक बीप दिला. तो बीप मीच घातला होता, डाव संपला हे कळावं म्हणून.

अप्पांनी कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

गौतमची आई कधी उठून मागे आली ते मला कळलं नाही. पडद्याकडे बोट करून तिनं विचारलं, “ह्यो गौतम हाय का?”

साहेबांनी मशीन बंद करायला सांगितलं. मग मुळ्यांना विचारलं, “घंटी कधी बसवली?”

मुळे म्हणाले, “नंतर.”

साहेबांनी लिहिलं की इशाऱ्याची सोय नव्हती, एकट्या कामगाराला दोष देता येत नाही. अप्पांवर केस झाली नाही. पण पुढच्या सीझनला त्यांना कामावर बोलावलंही नाही. ते चारठाण्याला लेकीकडे गेले. काही वर्षांनी बसस्टँडवर भेटले. मी तब्येत विचारली. “बरी हाय,” म्हणाले. गौतमचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. गौतमची आई गाव सोडून मोठ्या लेकाकडे गेली, एवढंच ऐकलं. मुळ्यांनी मुलीचं नाव माझ्या क्लासमधून काढून घेतलं.

पुठ्ठ्याशिवायचा खेळ मात्र जिनिंगच्या ऑफिसात बराच काळ होता. बाहेरचे पाहुणे आले की ट्रेनिंग म्हणून दाखवायचे.

त्यानंतरही मी दोघांचे खेळ बनवले. आता कुणी काम सांगितलं की आधी दोन गोष्टी विचारतो. कुणाला काय दिसणार नाही? आणि हा खेळ कुणापुढे दाखवणार आहात? दुसऱ्या प्रश्नावर बरेच जण काम परत नेतात.