तीन खोट्या वाटा आणि माझी चौथी

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत ॲन आर्बरला इंजिनिअरिंग शिकत होतो, तेव्हा इतर विभागांच्या प्रबंधांसाठी नकाशे काढून देत असे. ही कला तालुक्याच्या शाळेतली. आमचे चित्रकलेचे गुरुजी सांगायचे, "नकाशात रेघ एकच हवी आणि ठाम हवी." घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. गुरुजींचा शब्द मला प्रमाण होता, आजही आहे.

एका हिवाळ्यात ब्राझीलची एक संशोधक बाई माझ्याकडे आली. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिचं गाव पळून आलेल्या गुलामांनी वसवलेलं. अशा वस्त्यांना तिकडे किलोंबो म्हणतात. मूळ वस्ती जंगलात आणखी आत होती. तिथे जायची वाट तिच्या आत्याने तीनदा टेपवर सांगितली होती. तिच्या प्राध्यापकांनी बजावलं होतं, खात्रीचा नकाशा नसेल तर मूळ वस्तीचं प्रकरण गाळा. ते गाळलं तर प्रबंधात फारसं काही उरत नव्हतं.

टेपांचा इंग्रजी मजकूर देऊन ती म्हणाली, "तिन्ही वाटा काढ."

एकीत ओढा डावीकडे, दुसरीत उजवीकडे, तिसरीत ओढाच नाही. म्हातारी विसरली असेल, असं धरून मी तिन्हींच्या मधून एकच रेघ ओढली. शाईने.

ती हसत सुटली. "इंजिनिअर, या वाटेने गेलास तर गळ्यापर्यंत चिखलात!"

"मग खरी कुठली?"

"यातली एकही नाही."

परक्याला वाट खोटीच सांगायची, दर वेळी निराळी, ही त्यांची रीत. गुलामांना धरून नेणारे कधीच संपले, रीत राहिली. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तोच कंद त्यांचं मुख्य अन्न. जो गावात बसून तो सोलतो, किसतो, पीठ भाजून होईपर्यंत थांबतो, त्यालाच खरी वाट कळते.

"पण तू तर घरचीच," मी म्हणालो.

"मी घरची. टेपरेकॉर्डर कुठे घरचा? आत्या म्हणाली, या डब्याने एक तरी कंद सोललाय का?"

मशीन बंद झाल्यावर, कंद सोलताना, आत्याने तिला खरी वाट सांगितली होती. ती प्रबंधात देऊन टाक, असा मी सल्ला दिला. "डिग्री महत्त्वाची. एवढ्या लांब कोण जाणार आहे?"

"असं म्हणणारेच आधी येतात," ती म्हणाली.

मग मी तिन्ही वाटांचे तीन नकाशे काढून दिले. प्रत्येकाखाली तिने लिहिलं, ही वाट खोटी आहे, आणि ती खोटी का, हेच प्रकरण केलं. तोंडी परीक्षेत एकाने खरी वाट विचारलीच. ती म्हणाली, "कंद सोलायला चला, सांगते." प्रकरण राहिलं, डिग्रीही मिळाली.

माझा चौथा नकाशा, तो मधल्या एकाच रेघेचा, ती आत्याला दाखवायला घेऊन गेली. पुढे तिचं पत्र आलं. आत्याने विचारलं होतं, "एकही कंद न सोलता हा पोरगा इतकं चांगलं खोटं बोलायला कुठे शिकला?"

गुरुजींना मी हे कळवलं नाही.