धर्माजीशेठचा नरकासुर

पेणेतल्या गणपतीच्या कारखान्यांत माती मळणारे, साच्यातून मूर्ती काढणारे, रंग देणारे पुष्कळ होते; पण मूर्तीचे डोळे आखायची वेळ आली की मालक हिरामण म्हात्र्यालाच हाक मारी. हिरामण धरमतरच्या खाडीकाठचा, आगऱ्याच्या घरातला. बाप मिठागरावर राबला, थोरला भाऊ काळूराम शिडाच्या पडावावर सुकाणू धरणारा तांडेल झाला, आणि हा एकटाच मातीत रमला. बोलणं कमी. एकदा पाहिलेला चेहरा तो विसरत नसे, आणि एकदा मनात धरलेला डूखही सोडत नसे.

तो डूख होता धर्माजीशेठवर.

शेठचा भाताचा आणि मिठाचा व्यापार होता, मालाची ने-आण करायला स्वतःचे पडाव होते. एकोणीसशे सव्वीस सालच्या भाद्रपदात गणपतीला घरी निघालेल्या चाकरमान्यांची मुंबईला भाऊच्या धक्क्यावर झुंबड उडाली, आणि शेठनं मालाच्या पडावात भाड्यानं माणसं भरली. वारा फिरला होता. काळूराम शेठला म्हणाला की आज थांबू, नाहीतर निम्मीच माणसं घेऊ. शेठनं हात उडवला. तू नेत नसशील तर सुकाणू दुसऱ्याच्या हातात देतो, आणि उद्यापासून तूही येऊ नकोस, असं त्यानं सांगितलं. काळूरामानं पडाव सोडला. रेवसला खाडीच्या तोंडाशी तो उलटला. काळूराम गेला, आणि खाडीकाठच्या कितीतरी घरांतली माणसं त्याच्यासोबत गेली.

चौकशीला साहेब आला तेव्हा शेठनं एवढंच सांगितलं की तांडेल प्यालेला होता.

वाचलेल्या एका खलाशानं खरा प्रकार हिरामणच्या कानावर घातला, पण चारचौघांत तोंड उघडायची त्याची छाती नव्हती. त्याची चूल शेठच्याच पगारावर पेटत होती. गावाला मात्र आपल्या दुःखाचा दोष द्यायला कुणीतरी माणूस हवा होता. काळूरामानं कधी ताडीलाही तोंड लावलं नव्हतं हे ठाऊक असलेलेही गप्प बसले. त्याची बायको मैना विहिरीवर गेली की बाकीच्या बाया बाजूला सरत. भागुबाई म्हणून एक म्हातारी होती, तिचा एकुलता एक मुलगा त्या पडावात गेला होता. ती येता-जाता मैनेच्या दारावर मूठभर माती फेकायची. मैना ती माती मुकाट्यानं झाडून टाकायची, आणि हिरामण घरी आला की त्याच्याकडे नुसती बघायची.

चारेक वर्षं अशीच गेली. मग धर्माजीशेठच्या डोक्यात सिनेमा शिरला.

मुंबईहून दत्तात्रेय नावाचा एक कॅमेरावाला पेणेत आला होता. तिशीतला, किडकिडीत, आपल्या कामाचं वेड लागलेला. मातीच्या बाहुल्या केसभर हलवायच्या, दर वेळी एक फोटो घ्यायचा, आणि ते सगळे फोटो भरभर फिरवले की बाहुल्या जिवंत माणसासारख्या चालतात, हे त्यानं शेठला पटवलं. चित्र करायचं दिवाळीसाठी, विषय नरकासुराचा. शेठ हिशेबाला पक्का. सणाला माणूस एकटा येत नाही, बिऱ्हाड घेऊन येतो. मूल हट्ट धरतं, मुलामागून आई येते, आईमागून आजी येते. एका तंबूत असा गाव भरला तर पैसे कुठे जातात? शेठनं भाताचं एक रिकामं गोदाम दिलं. त्याची कौलं उतरवून वर पांढरं कापड ताणलं आणि त्या उजेडात काम सुरू झालं. बाहुल्या वाकाव्यात म्हणून मातीत मेण आणि तेल मिसळायचं ठरलं. ते करायला, आणि मुख्य म्हणजे चेहरे घडवायला, हिरामणला बोलावणं गेलं.

पहिल्याच दिवशी शेठनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू त्या काळूचा भाऊ ना? तो दारूपायी बुडाला. तू पीत नाहीस ना?"

हिरामणनं नकारार्थी मान हलवली आणि माती मळायला घेतली. आपण काय बोललो हे शेठच्या ध्यानातही नव्हतं. हिरामणच्या बोटांना मात्र त्या घटकेला काम मिळालं.

त्यानं नरकासुराला शेठचा चेहरा दिला. तेच फुगलेले गाल, तोच खालचा लोंबता ओठ, डाव्या भुवईवरची चामखीळसुद्धा. आणि राक्षसाच्या मिशा व मुकुट असे बसवले की गोदामात तो चेहरा सहज ओळखू येऊ नये. पडद्यावर युद्धात मुकुट पडला की मग दिसावं.

काम शेठच्या अंदाजापेक्षा फार लांबलं. ढग आला की थांबायचं. उन्हं तापली की मेण सुटायचं, कृष्णाचा हात गळून पडायचा, आणि सकाळपासूनचं सगळं पुन्हा करावं लागायचं. फिल्म परदेशातून यायची, तिचा भाव ऐकून शेठचं तोंड कडू व्हायचं. पण निम्मे पैसे घालून झाल्यावर सोडून देता येईना, म्हणून तो उरलेले घालत गेला.

दिवाळीत पेणेच्या मैदानात तंबू लागला. पडद्यावर मुकुट पडला आणि तंबूत आधी कुजबूज झाली, मग असा हशा उठला की मशीन फिरवणारा दचकला. शेठकडून कधी ना कधी दुखावलेला माणूस पेणेत घरटी एक होता. कृष्णानं राक्षसाच्या छातीवर पाय दिला तेव्हा लोक उभे राहिले. दुसऱ्या दिवशी नागोठण्याहून बैलगाड्या आल्या. पुढे अलिबाग झालं, रेवदंडा झालं, काशीदच्या वाळूत तंबू लागला, आणि जिथं शेठला कुणी पाहिलंही नव्हतं तिथंही लोक सांगोवांगी ऐकून येऊ लागले. अंगणात कारीट फोडताना पोरं धर्माजी फुटला म्हणून नाचली.

हिरामण शेठची वाट बघत होता. शेठ येईल, शिव्या देईल, हात उगारील, आणि तेव्हा आपल्याला त्याच्या तोंडावर काळूरामाचं नाव सांगता येईल, असं त्यानं मनात घोळवून ठेवलं होतं.

शेठ आला तो करंज्यांचं ताट घेऊन. हिरामणच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "माझ्या तोंडानं तंबू भरले रे. सगळा खर्च निघून वर उरले. पुढलं याच्या दुप्पट करू. आणि राक्षसाला माझंच तोंड दे, या खेपेला मी समोर बसतो."

त्या दिवशी हिरामण जेवला नाही. चित्र बघायला त्यानं मैनेलाही नेलं होतं. सगळा तंबू हसत असताना ती हसली नव्हती. आता त्यानं तिला शेठचं बोलणं सांगितलं.

"लोक हसले," मैना म्हणाली. "तो दारात बसून पैसं मोजत व्हता. त्याला तोंड न्हायच, भावजी. त्याला निसता गल्ला हाय."

हिरामणला तिचं म्हणणं पटलं. पुढलं दुप्पट करू म्हणून शेठनं स्वतःच आपल्याला सांगून ठेवलंय, घाव कुठं घालायचा ते: गल्ल्यावर. त्यानं काम पत्करलं.

दुसऱ्या चित्राचं काम दोन वर्षं चाललं. हिरामणनं मागावं आणि शेठनं द्यावं. हत्तींचं दळ हवं, सोन्याचं नगर हवं, आकाशातलं युद्ध हवं. एका लाटेसाठी दत्तात्रेय आणि हिरामण आठवडा आठवडा घालवत. दत्तात्रेयाच्या डोळ्यांत तर आनंदानं पाणी यायचं. असं काम आपल्याला पुन्हा मिळणार नाही, असं तो म्हणायचा. शेठनं एक पडाव विकला, मग मिठागर गहाण टाकलं. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, सगळीकडे एकाच दिवाळीला तंबू लावायचे, म्हणून प्रतीही तेवढ्या काढायच्या. पुन्हा तोच राक्षस, अशा पाट्या रंगल्या. अधूनमधून शेठ खुर्चीवर हनुवटी वर करून बसायचा आणि हिरामण त्याचा चेहरा घडवायचा. त्या मानेकडे एवढ्या जवळून बघताना हिरामणच्या हातातली कोरणी कधीकधी थांबायची. मग तो माती ओली करायचा आणि पुढं काम करायचा.

कथेत त्यानं एक प्रसंग घातला. नरकासुर समुद्रकाठी उभा आहे. सणाला घरी निघालेली माणसं होडीत बसताहेत. डोक्याला तांबडा रुमाल बांधलेला तांडेल ढगांकडे बोट दाखवतो, राक्षसासमोर हात जोडतो. राक्षस हात उडवतो. होडी निघते, आणि बुडते. दत्तात्रेय परगावचा, त्याला हा नुसता एक सुंदर प्रसंग वाटला. मेजावर ती होडी मांडलेली असताना शेठही येऊन बघून गेला. खाली वाकून त्यानं त्या तांडेलाकडे पाहिलं, मग सरळ झाला.

"समुद्र छान जमलाय," तो म्हणाला. "पण मी जरा बुटका वाटतोय. उंच कर."

हिरामणनं राक्षस उंच केला.

पहिला खेळ पेणेतच लागला. तंबू खचाखच भरला, खाडीकाठची सगळी गावं आली होती. शेठ पुढं खुर्चीवर. राक्षस पडद्यावर आला तेव्हा मागच्या वेळेसारख्या शिट्ट्या झाल्या. मग समुद्र आला. तांबडा रुमाल दिसला. हिरामणनं तांडेलाला डावा खांदा किंचित झुकवून उभं केलं होतं, काळूराम उभा राहायचा तसा. राक्षसानं हात उडवला आणि तंबूतला सगळा आवाज बंद झाला. होडी बुडेपर्यंत कुणी हललं नाही. एका बाईनं पदर तोंडात धरला. मुलं रडायला लागली, आयांनी त्यांना उचललं.

हिरामण खांबाशी उभा होता. त्यानं पडद्याकडे पाहिलंच नाही, शेठच्या मानेकडे बघत राहिला.

भागुबाई उठली, माणसांतून वाट काढत खुर्चीपाशी गेली.

"शेठ, काळू त्या दिवशी प्याला व्हता का?"

शेठ म्हणाला, की ही गोष्ट पुराणातली आहे, खाली बस. तेव्हा मागून तो वाचलेला खलाशी उभा राहिला. इतकी वर्षं गप्प बसलेला माणूस. काळू शुद्धीत होता, त्यानं हात जोडले होते, आणि शेठनं पडाव जबरदस्तीनं सोडायला लावला, एवढं तो म्हणाला. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. माणसं उठली आणि बाहेर पडली. कृष्ण नरकासुराला मारायला आला तेव्हा त्याला बघायला तंबूत शेठ आणि दत्तात्रेय एवढेच होते, आणि खांबापाशी हिरामण.

पेणेची बातमी चित्राच्या आधीच अलिबागला पोचली. ज्या किनाऱ्यावर निम्मी घरं समुद्रावर जगतात तिथं ऐन दिवाळीत बुडणारी माणसं बघायला पोराबाळांना घेऊन कोण येणार? मुरूडला पहिल्या दिवशी थोडी माणसं आली, श्रीवर्धनला तंबू उभारून तसाच उतरवला. मिठागर गेलं, उरलेले पडाव गेले, माडीचं घर गेलं. शेठ कल्याणला मेहुण्याकडे निघाला तेव्हा हिरामण मुद्दाम धरमतरच्या धक्क्यावर जाऊन उभा राहिला.

शेठ थांबला. "मी तुला काय कमी केलं होतं, हिरामण?" त्यानं खरोखरच न कळून विचारलं.

"माझा भाऊ," हिरामण म्हणाला.

शेठच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतंय का, ते त्यानं बारकाईनं पाहिलं. मग लाँच सुटली.

त्या दिवशी तो घरी येऊन पोटभर जेवला, हे त्यानं पुढं कुणापासून लपवलं नाही. शेठबद्दल त्याला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दत्तात्रेयाचं. आपल्याला आधी का सांगितलं नाहीस, असं दत्तात्रेयानं विचारलं होतं. दत्तात्रेयाच्या नावावर बुडीत चित्राचा शिक्का बसला. मुंबईत लग्नाचे फोटो काढून तो पोट भरू लागला. आणि त्या तंबूत रडणाऱ्या बाया हिरामणला पुढं कितीतरी गणपतींच्या डोळ्यांत दिसत राहिल्या. तो हात थांबवून बसायचा, मग पुन्हा कुंचला उचलायचा.

दिवाळी सरल्यावर एक दिवस भागुबाई मैनेच्या दाराशी आली आणि उंबऱ्याबाहेर बसली. चुकलं माझं, एवढंच म्हणाली. मैनेनं तिला तांब्याभर पाणी आणून दिलं. ती पाणी पिऊन होईपर्यंत मैना दारात उभी राहिली. आत ये मात्र म्हणाली नाही.